नाव नसलेली घागर

नाना, तापीच्या पुलावर बस रेंगाळली तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात. तुमचं तेरावं आटोपून मी चोपड्याहून धुळ्याला परत निघाले होते. दुपार कलायला लागलेली, पुढे केळीचा एक ट्रक बंद पडलेला, खिडकीतून गरम वारा येत होता आणि मला डुलकी लागली. तुम्ही नेहमीसारखा उजवा कान माझ्याकडे करून बसलात, कारण डावा तुम्ही लढाईत पंजाबात ठेवून आला होतात. मी विचारलं, नाना, तिकीट काढलं का? तुम्ही म्हणालात, पंचाहत्तरी झाल्यापासून आम्हाला एसटी फुकट आहे, आता तर विचारूच नकोस. खाली नदीचं पाणी उन्हाने पांढरं दिसत होतं आणि तुम्ही बराच वेळ ते पाहत राहिलात. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. सुरुवात कुठून करावी ते सुचेना. तेवढ्यात ट्रक बाजूला झाला, बसला हिसका बसला आणि मी जागी झाले. शेजारच्या सीटवर एका बाईने भाजीची टोपली ठेवली होती.

ती गोष्ट आता लिहून सांगते. तेजल, तुमची नात, माझी एकुलती एक मुलगी, सोमवारी पुण्यातली नोकरी सोडणार आहे. तुमच्यासाठी सोडते आहे. नाना आपल्यावर रागावून गेले असं तिने मनाशी धरलंय, आणि मी तिला ते धरू दिलंय. तुम्ही दवाखान्यात माझ्याजवळ तिच्यासाठी एक निरोप दिला होतात. तो मी अजून तिला दिलेला नाही. आज शनिवार आहे.

रागावू नका. म्हणजे रागवा हवं तर, पण आधी ऐकून घ्या. तुमच्या उजव्या कानालाही हवं तेवढंच ऐकू यायचं, हे मला चांगलं माहीत आहे.

लहानपणी मला आणि विलासला तुमच्याकडून लढाईची गोष्ट हवी असायची. बाकीच्या पोरांचे बाप शेतकरी, आमचा बाप फौजी, मग गोष्ट नको का? तुम्ही सांगायचात ती एका खेचराची. पहाडावर तुमच्याकडे राणी नावाचं एक खेचर होतं, ते गुळाचा खडा घेतल्याशिवाय पाऊल उचलत नसे, आणि एकदा गूळ संपला म्हणून अख्खी तुकडी अर्धा दिवस वाटेवर बसून राहिली. आम्ही हसून लोळायचो. मग विलास विचारायचा, पण नाना, लढाई? तुम्ही म्हणायचात, हीच की. मी शाळेत इतिहास शिकवायला लागले तरी माझ्या घरात लढाईचा इतिहास एवढाच होता, राणी आणि गूळ.

दुसरी आठवण आखाजीची. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी माहेरी यायची. अंगणात झोके बांधलेले, पोरी गौराईची गाणी म्हणायच्या, संध्याकाळी नदीच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून एकमेकींना गाण्यातून शिव्या घालायच्या. तुम्ही काठावर बसून टाळ्या द्यायचात आणि म्हणायचात, लढाई अशी पाहिजे, दोन्ही बाजूंनी घरी जाऊन पुरणपोळी खावी. सकाळी मात्र तुम्ही गंभीर असायचात. पितरांची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, नाव घेत घेत पाणी ओतायचं, चुलीतल्या निखाऱ्यावर पोळी-तुपाची आगारी टाकायची. आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, अकाली गेलेल्या काकांचं नाव. आणि त्या घागरीशेजारी एक लहान घागर. तिच्यात पाणी ओतताना तुम्ही काहीच बोलत नसायचात.

लहानपणी एकदा, मी सात-आठ वर्षांची असेन. विचारलं, ही कोणाची? माय चुलीपाशी होती, तीच म्हणाली, त्यांच्या फौजेतल्या माणसाची आहे. मी म्हटलं, मग त्याचं नाव घ्या ना नाना. तुम्ही घागरीकडे बघत म्हणालात, "नाव इचाराले येळच नही भेटना."

मला किती गहिवरून आलं होतं तेव्हा. लढाईची घाई, धूर, शेजारी पडलेला अनोळखी मित्र, नाव विचारायलाही सवड नाही. घागर आपल्याच माणसाची भरतात. आपल्या अख्ख्या मुलखात कुणालाही विचारा, परक्याची घागर कोण भरतं? तेव्हा तो तुमचा मित्रच असणार, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. ती समजूत मी चाळीस वर्षं सांभाळली. सांभाळली कसली, मिरवली. धुळ्याला आमच्या शाळेत प्रजासत्ताक दिनाला तुम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं, तेव्हा माईकवरून सगळ्या शाळेला ती सांगितली. माझे वडील दर आखाजीला आपल्या शहीद मित्राची घागर भरतात, ज्याचं नावही त्यांना माहीत नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. तुम्ही उठलात, समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायलात आणि राणीची गोष्ट सांगून खाली बसलात. परत जाताना रिक्षात एवढंच म्हणालात, बरं बोललीस मास्तरीन. मी ते कौतुक समजले आणि पुढे कितीतरी दिवस फुलून होते. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

त्याच दिवशी कार्यक्रमानंतर तुम्ही माझ्या नववीच्या वर्गात आला होतात. फळ्यावर मी तक्ता काढला होता, युद्धाचं तंत्र कसं बदलत गेलं त्याचा. तलवार, तोफ, रायफल, रणगाडा, विमान, क्षेपणास्त्र, ड्रोन. शेजारी बाण, बाणाखाली शतकं. तुम्ही मागच्या बाकावर बसून चष्मा लावून तो वाचलात. एका मुलीने विचारलं, आजोबा, तुमच्या वेळची लढाई आणि आताची लढाई यात काय बदललं? तुम्ही म्हणालात, "काय बदलनं? अंतर वाढनं, बस." मग मुलांना समजावून सांगितलंत. तलवारीची लढाई हातभर. आमची, इथून त्या मैदानातल्या निंबापर्यंत. रणगाड्याची, एका शिवारातून दुसऱ्या शिवारात. आणि आता म्हणे माणूस एका देशात चहा पीत बसतो आणि दुसऱ्या देशातलं घर पाडतो. मुलं त्या निंबाकडे बघायला लागली. मी घाईने तास पुढे नेला, कारण तक्ता परीक्षेला होता.

आज वाटतं, तो तक्ता पुसून टाकायला हवा होता. लढाईमुळे देशांचं काय होतं ते पुस्तकात तहाच्या कलमांत लिहिलेलं असतं. माणसांचं काय होतं ते तुमच्याकडे बघून मला कळायला हवं होतं. विहिरीवर, नंतर ट्यूबवेलवर, कोणीही पाण्याला आलं की तुम्ही मागे सरायचात. स्वतःची कळशी अर्धी असली तरी. सातपुड्यातून पावरा आदिवासींची कुटुंबं ऊसतोडीला जाताना मळ्यात थांबायची, तेव्हा माय कधी कधी कुरकुरायची, मोटर आत्ताच चालू केली, केळीला पाणी जाऊ द्या. तुम्ही म्हणायचात, पाण्यावर आलेल्या माणसाला थांबवायचं नाही. आम्ही समजायचो, नाना दयाळू आहेत. ते तर तुम्ही होतातच. पण अर्ध्या कळशीनिशी मागे सरताना तुम्ही आलेल्याच्या हातातल्या भांड्याकडे बघत राहायचात, हे मी पाहिलं होतं आणि त्याचं काहीच केलं नव्हतं.

तुमच्या लढाईला निदान सुरुवात आणि शेवट होता. तुम्हाला सुट्टी मिळाली म्हणजे लढाई संपली. आताच्या कधी सुरू होतात आणि कधी संपतात ते कुणालाच सांगता येत नाही. मागे आखातात क्षेपणास्त्रं उडायला लागली, समुद्रात जहाजं अडकली, आणि आपल्या मळ्यातली खोक्यात भरून तयार ठेवलेली केळी कंटेनरमध्येच पिवळी पडली. ज्यांच्याशी आपलं काही भांडण नाही अशा दोन देशांची लढाई, आणि विलास बांधावर डोकं धरून बसलेला. खताचंही तेच, दुकानदार म्हणायचा, तिकडे लढाई चालू आहे, माल येत नाही. तुम्ही हसत हसत म्हणाला होतात, "बिगर बंदूकनी परत भरती व्हयनू मी." विलासला हसू आलं नाही, पण त्याने जेवण केलं.

आणि मग तेजलचं ड्रोन. किती आनंदाचा दिवस होता तो. तिची कंपनी तेव्हा फक्त फवारणीची यंत्रं बनवायची आणि दाखवायला म्हणून तिने ते आपल्याच मळ्यात आणलं. केळी डोक्याच्या वर गेलेली, आत शिरलं की हिरवा अंधार, पायाखाली ओल, बाहेरच्या उन्हाचा पत्ता नाही. त्या पानांच्या वरून ते यंत्र घुमत गेलं आणि पानापानांवरून बारीक तुषार खाली उतरले. तुम्ही आत उभे होतात, टोपी काढून, तोंड वर करून. मी ओरडले, नाना, औषध आहे ते! तेजल म्हणाली, नाही आई, आज नुसतं पाणी आहे. तुम्ही तसेच उभे राहिलात. मला अजूनही दुपारी डोळे मिटले की तुम्ही तसेच दिसता. हिरव्या उजेडात, भिजलेले, आणि वरून कसलातरी भुंग्यासारखा आवाज, जो तुम्हाला एकाच कानाने ऐकू येत होता. त्या दिवशी तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंत, हे आमच्या नातीने केलं. बरोबर आलेल्या मुलांना जेवल्याशिवाय सोडलं नाहीत.

पुढे कंपनीला दुसरं काम मिळालं, फौजेचं. तेजलकडे आला तो कॅमेऱ्याचा भाग. वरून पाहून खाली माणूस आहे की जनावर, त्याच्याजवळ हत्यार आहे की नाही, हे यंत्राला ओळखायला शिकवायचं. तिने हे मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी छान म्हटलं आणि विषय बदलला. तुम्हाला तिने दिवाळीला सांगितलं.

दिवाळीच्या थोडे दिवस आधी विलासच्या मुलाने तुम्हाला मोबाइलवर काहीतरी दाखवलं होतं. कुठल्यातरी दूरच्या देशातली लढाई, वरून काढलेली. बर्फात एक खड्डा, खड्ड्यात एकटा सैनिक. ड्रोन खाली येतं, तो वर पाहतो. एवढंच तुम्ही पाहिलंत आणि मोबाइल परत दिलात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, असं विलासने मला नंतर सांगितलं.

त्या दिवाळीत दुपारी तुम्ही आणि तेजल मळ्यात खाटेवर बसला होतात. मी पलीकडे वाफ्यात मेथी खुडत होते. बोलणं सगळं ऐकू येत होतं आणि मी ऐकत नसल्यासारखं करत होते. तेजल चिडली नव्हती, ती तुम्हाला पटवत होती. ती म्हणाली, नाना, समोर जवान पाठवायचा नाही, यंत्र पाठवायचं. तुमच्या वेळी हे असतं तर तुमचे किती मित्र वाचले असते? तुमचा कान वाचला असता. तिचं चूक नव्हतं. जिचा मुलगा सीमेवर आहे अशा कुठल्याही बाईने तिला दुवा दिला असता. तुम्ही तिचं सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "तेनी वर पाह्यं, बेटा."

तिला कळलं नाही. मलाही नाही. ती म्हणाली, कुणी? तुम्ही म्हणालात, यंत्राने माणूस मारला, मान्य. मग "तेनी घागर कोन भरी?" तेजल हसली. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी. म्हणाली, शत्रूची कोण घागर भरतं, नाना? मी तेवढ्यात मेथी घेऊन घराकडे निघाले, कारण मला भांडण नको होतं. मला नेहमीच भांडण नको असतं. पाठमोरी असताना तुमचा आवाज खाली गेलेला ऐकला, पण काय बोललात ते ऐकलं नाही. तेजल तासाभराने घरी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. त्यानंतर तुमचं आणि तिचं बोलणं झालं नाही. तिने फोन करावा असं तुम्हाला वाटत होतं, तुम्ही करावा असं तिला. दोघं सारखेच हट्टी.

त्या दुपारी तुम्ही तिला काय सांगितलंत ते तिने मला तेराव्याच्या दिवशी सांगितलं. भांडी घासून झाली होती, बाया गेल्या होत्या, आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसलो होतो. पंजाबातलं ते शेत, तिने सांगितलं. कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, आपल्याकडे असतात तशाच, म्हणून तुम्हाला तिथे घरच्यासारखं वाटायचं. थंडीची पहाट, धुकं. तुम्ही कालव्यावर पाणी भरायला गेला होतात. पलीकडच्या काठावर पऱ्हाट्या हलल्या, एक माणूस उभा राहिला, हातात काहीतरी होतं. तुम्ही आधी गोळी झाडली. धुकं उठल्यावर पाहिलं, त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता. तोही पाण्यालाच आला होता. तुम्ही कालवा ओलांडून गेलात, त्याच्या तोंडात पाणी घातलं, पण ते बाहेरच आलं.

तर तो तुमचा मित्र नव्हता, नाना. ज्याची मी माईकवरून जाहिरात केली, तो तुम्ही मारलेला माणूस होता. आणि तुम्ही त्याला घरच्या पितरांशेजारी बसवलं होतं. दर वर्षी, मायच्या डोळ्यांदेखत. मायला माहीत होतं. आता वाटतं, ती म्हणाली होती ते किती नेमकं होतं. फौजेतला माणूस. कुठल्या फौजेतला ते तिने सांगितलं नव्हतं.

मला तुमचा राग आला, हेही सांगून टाकते. मला का नाही सांगितलंत? मी तुमची मुलगी, इतिहास शिकवते, वर्षानुवर्षं ती घागर बघत आले. आणि सांगितलंत कोणाला, तर चोवीस वर्षांच्या पोरीला, तेही भांडता भांडता. ओट्यावर बसून मी आधी तुमच्यावर रडले आणि मग तुमच्यासाठी. मग उमजलं की मी तुम्हाला कधी विचारलंच नव्हतं. सातव्या वर्षी विचारलं तेवढंच. त्यानंतर मी नुसती सांगत सुटले.

विलासचा परवा फोन आला, आखाजीसाठी कुंभाराला किती घागरी सांगू म्हणून. त्यालाही मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, नानांची धरून तीन सांगतो.

आता ते, जे बसमध्ये सांगायचं राहिलं. दवाखान्यातला तो मंगळवार. सकाळी तुम्हाला जरा बरं वाटत होतं, खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात, मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "तेजलले सांग. तिना यंत्रले इचार म्हना, तेना हातमा डबा व्हता, तो दिसता का? माले नही दिसना." मी म्हटलं, कसला डबा, नाना? तुम्ही म्हणालात, तिले ठाऊक शे. आणि मास्क परत लावून घेतलात. दम लागला होता तरी तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट एखाद्या कारागिराला हिशेबाने काम सांगावं तसे तुम्ही बोललात.

मला वाटलं, नाना भ्रमात बोलत आहेत. तेजल दुसऱ्या दिवशी येणारच होती, तेव्हा तुम्हीच सांगाल. ती दुपारी पोचली, तुम्ही पहाटेच गेला होतात. त्या गर्दीत डब्याचं कुठे आठवायचं?

पण ओट्यावर तेजलने पत्र्याचा डबा म्हटलं आणि मला सगळं एकदम कळलं. तुम्ही तिला नोकरी सोड म्हणत नव्हतात. तुम्ही तिला विचारत होतात. मला डोळे होते आणि मला दिसलं नाही, तुझ्या यंत्राला दिसेल का? दिसणार असेल तर कर ते काम, बेटा. माझी चूक होणार नाही असं काहीतरी कर. पन्नासहून जास्त वर्षं घागर भरून झाल्यावर शेवटी तुम्ही एक काम सांगितलंत, आणि ते सांगण्यासारखं माणूस तुम्हाला अख्ख्या घरात तेवढं एकच दिसलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेजल म्हणाली, आई, मी सोडते ती नोकरी. नानांना ते काम आवडलं नव्हतं, ते माझ्यावर रागावूनच गेले. त्यांनी माझ्याबद्दल काही म्हटलं होतं का गं? आणि मी नाही म्हटलं.

नाही म्हटलं, नाना. कारण मला आनंद झाला होता. माझ्या मुलीच्या हातून तसलं काही होऊ नये असं मला दिवाळीपासून वाटत होतं आणि ते तिला तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून तुमच्याच खांद्यावर बंदूक ठेवली, तीही तुम्ही गेल्यावर. तिला वाटू दे, नाना रागावले. नाना आता येऊन खरं थोडंच सांगणार आहेत? पण तुम्ही आलात की. पुलावर, माझ्या शेजारी, पाण्याकडे बघत बसलात आणि एका शब्दाने विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

पाच दिवस झाले त्याला. रोज दुपारी मी पेपर तपासायला बसते आणि नववीची मुलं त्या तक्त्याखाली काय काय लिहितात ते वाचते. एकाने लिहिलंय, पूर्वी युद्धात शौर्य लागायचे, आता तंत्रज्ञान लागते. मी त्याला पूर्ण गुण दिले, कारण पुस्तकात तसंच आहे. दुसऱ्या एकीने लिहिलंय, ड्रोनमुळे आपले सैनिक सुरक्षित राहतात. तेही खरंच आहे. आपले सुरक्षित राहावेत असं मलाही वाटतं, तुम्हालाही वाटायचं. तेजलने सोडलं तर तिच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल, ज्याला कालव्यावरचा माणूस माहीत नाही, ज्याला कुणी काही विचारलेलं नाही. हा विचार मला पहिल्या दिवशीच आला होता. मी तो पेपरांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवला होता.

एवढं लिहून मी उठले. तेजलला फोन लावला. ती पुण्यात खोलीवर होती, कपडे वाळत घालत होती. मी आधीच सांगितलं, मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याने होणार नाही. नाही म्हटलं होतं ते खोटं होतं, हे सांगितलं. का खोटं बोलले तेही. मग तुमचा निरोप दिला, तुमच्याच शब्दांत, कारण माझ्या शब्दांत तो मला सांगता आला नसता.

ती मला रागावली नाही. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. तिने तो निरोप पुन्हा म्हणायला लावला, हळूहळू. माले नही दिसना, इथपर्यंत मी शब्द न् शब्द सांगितलं. पलीकडे कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली. मग तेजल बोलली.

"नाही दिसत, आई. धुकं असलं की नाही दिसत. हातात काहीतरी आहे एवढंच कळतं, आणि मग ते हत्यारच आहे असं धरतात."

मी विचारलं, मग? ती म्हणाली, मग काय, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, कुणी मोठ्याने बोलत नाही. सोमवारी मी जाते आणि बोलते. राजीनाम्याचं तिने काही म्हटलं नाही. कंपनीने ऐकून घेतलं तर ती राहील, नाही घेतलं तर तिला काढतील किंवा ती निघेल, एवढं मला कळलं. यावेळी मी विषय बदलला नाही. भीती वाटते असं तिला सांगितलं. ती म्हणाली, मलाही वाटते.

नाना, तुमचा निरोप पोचला. उशीर झाला, तो माझ्यामुळे. तुम्ही विचारलं होतंत, तो डबा दिसला असता का. उत्तर आलंय. नाही.